चार पिढ्या घरात न बोललेली भाषा मुलाला 'आपली' म्हणून शिकवता येते का? (मांचू वंशजांविषयी प्रश्न)

परदेशस्थ (प्रश्न)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे व्हँकुव्हरजवळ राहते आणि दर रविवारी येथील मराठी शाळेत लहान गटाला शिकवते. माझ्या मुलाच्या वर्गमित्राची आई मूळची शेन्यांगची, म्हणजे चीनच्या ईशान्येकडील लियाओनिंग प्रांतातली. मुले खेळत असली की आमच्या गप्पा होतात. एकदा तिने साचिमाचा डबा आणला होता. पिठाच्या तळलेल्या काड्या साखरेच्या पाकात घोळवून, थापून त्याच्या वड्या पाडतात. शेवेचा लाडू आणि चिक्की यांच्या मधली जात म्हणता येईल. वडी हातात देताना ती म्हणाली की हा शब्द मुळात चिनी नाही, आमचा आहे. 'आमचा' म्हणजे कोणाचा, असे मी विचारले, तेव्हा कळले की ती मांचू आहे. चीनमधल्या तिच्या ओळखपत्रावर वांशिक गटाचा रकाना होता आणि त्यात तसे छापलेले होते. कॅनडात असा रकाना नाही. तिचा मुलगा शाळेत 'चिनी' म्हणून ओळखला जातो आणि त्यालाही दुसरे काही ठाऊक नाही.

मी मराठी शिकवते हे तिला माहीत आहे. मागच्या आठवड्यात ती जे बोलली ते माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "तू मुलाला त्याच्या आजीची भाषा शिकवतेस. मी मांचू शिकवायला बसले, तर ती त्याच्या आजीची भाषा नसेल, कारण माझ्या आजीलाही ती येत नव्हती." मी 'तरीही शिकव' असे उत्साहाने म्हणून बसले आणि घरी आल्यावर वाटले की आपण फार सहज बोललो.

माझे प्रश्न असे आहेत. एक कोटीहून अधिक लोकसंख्या असलेल्या समाजाची भाषा अशी कशी गेली? आज ती शिकायची, तर नक्की कोणती शिकायची, दप्तरातली की कोणाच्या तोंडची? आणि मांचू हे नाव मंजुश्रीवरून आले असे मी कुठेतरी वाचले होते, त्यात तथ्य आहे का?

बखरवाचक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडच्या वाचकाला तोच आधी खुणावतो. मंजुश्री म्हणजे बौद्धांचा प्रज्ञेचा बोधिसत्त्व. तिबेटी लामा चिंग सम्राटाला (चिंग म्हणजे 1644 ते 1912 चीनवर राज्य करणारे मांचू राजघराणे) मंजुश्रीचा अवतार म्हणून संबोधत आणि अठराव्या शतकातील चियानलोंग सम्राटाच्या काळात राजाज्ञेने तयार झालेल्या ग्रंथात या नावाचा संबंध मंजुश्रीशी जोडलेला आहे, हे खरे आहे. मात्र ती राजदरबाराने स्वतःविषयी सांगितलेली व्युत्पत्ती आहे, आणि दरबारी व्युत्पत्तीवर किती विसंबावे हे बखरी वाचणाऱ्यांना सांगायला नको. शब्दाचे मूळ आजही वादग्रस्त आहे. नाव अधिकृतपणे केव्हा ठरले, ते मात्र नेमके माहीत आहे. 1635 साली त्यांचा राजा हुंग ताइजी याने आज्ञा काढली की आपल्या लोकांना यापुढे जुर्चेन म्हणू नये, 'मांजू' म्हणावे. चांद्र दिनदर्शिकेतील दहाव्या महिन्याच्या तेराव्या दिवशी ही आज्ञा निघाली आणि आजचे मांचू लोक, परदेशातलेसुद्धा, तो दिवस सण म्हणून पाळतात. एखाद्या समाजाचा नामकरणाचा दिवस तिथीसकट ठाऊक असण्याचे उदाहरण विरळाच.

भाषा कशी गेली, याचे उत्तर पराभवात शोधण्याचा मोह होतो, परंतु ती विजयामुळे गेली. 1644 मध्ये बीजिंग हाती आल्यावर मांचू मोठ्या संख्येने ईशान्येकडून निघाले आणि बीजिंगमध्ये व ठिकठिकाणच्या छावण्यांत, अफाट चिनीभाषक लोकसंख्येच्या मधोमध, राहू लागले. सैन्याची आणि समाजाची रचना 'आठ निशाणां'ची होती. प्रत्येक कुटुंब कोणत्या ना कोणत्या निशाणाखाली नोंदलेले असे, त्यांना सरकारातून पगार आणि धान्य मिळे, आणि व्यापार वा शेती करण्यावर बंधने होती. भाषा आणि घोड्यावरून तिरंदाजी या दोन गोष्टी टिकवा, असे सम्राट अठराव्या शतकभर बजावत राहिले. इतक्या वेळा बजावावे लागले, यातच काय ते आले. एकोणिसाव्या शतकात बीजिंगच्या बहुतेक निशाणवाल्यांच्या घरात चिनीच बोलली जात होती, आणि त्यांची ती बीजिंगी चिनी शहरातली सर्वांत ठसकेबाज समजली जाई.

दुसरा घाव 1911 चा. चिंग राजवट उलथवणाऱ्या क्रांतीच्या वेळी शिआन शहरातल्या मांचू वस्तीत हजारोंची कत्तल झाली, आणि त्यानंतर दूरदूरच्या कुटुंबांनीही ओळख लपवली. कुलनामे बदलली. राजघराण्याच्या आइसिन ग्योरो कुलातले अनेक 'जिन' झाले (आइसिन म्हणजे सोने, आणि चिनीत जिन म्हणजेही सोने), गुवाल्ग्याचे 'ग्वान' झाले, तुंग्याचे 'तोंग' झाले. ग्वान आडनावाचे असंख्य हान चिनीही आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावरून आज काहीच सिद्ध होत नाही.

आणि आता आकडे पाहा. 1982 च्या जनगणनेत मांचू सुमारे 43 लाख होते, 1990 मध्ये 98 लाख. आठ वर्षांत कोणताही समाज दुप्पट होत नाही. 1980 नंतर ओळख नव्याने नोंदवण्याची मुभा मिळाली, मांचू स्वायत्त परगणे स्थापन झाले, महाविद्यालयीन प्रवेशात जादा गुणांसारख्या सवलती होत्या, आणि लपलेली घरे बाहेर आली. म्हणजे चीनमध्ये ही ओळख एका रकान्यावर टिकून राहिली. तुमच्या मैत्रिणीने देश बदलला आणि तो रकानाच उरला नाही. मला वाटते, भाषेचा विचार तिच्या मनात आता येतो आहे तो याचमुळे.

स्पष्टवक्ता

बखरवाचक यांच्या माहितीबद्दल आदर राखून एक अडचण मांडतो. निशाणांमध्ये मांचू होते तसेच मंगोल होते, हान होते, कोरियनही होते. जुन्या बीजिंगमध्ये म्हणच होती की मांचू की हान हे विचारू नये, निशाणातला की बाहेरचा एवढेच विचारावे. म्हणजे मांचूपण ही मुळात एका व्यवस्थेतली जागा होती. ती व्यवस्था शंभर वर्षांपूर्वी संपली.

लेखक लाओ श यांचे उदाहरण घ्या. जन्म 1899, बीजिंगच्या निशाणवाल्या घरातला. वडील पहारेकरी सैनिक होते आणि 1900 साली परकीय फौजा शहरात शिरल्या तेव्हा मारले गेले. लाओ श 1924 ते 1929 लंडनमध्ये राहून इंग्रजांना भाषा शिकवत होते, आणि ती भाषा होती चिनी. त्यांच्या लेखनात निशाणवाल्यांचे शिष्टाचार, पक्षी पाळण्याचे षोक, उधारीवर चालणारे घरसंसार हे सारे आहे, आणि ते सारे बीजिंगच्या चिनीत आहे. त्यांचे मांचूपण कोणी उणे ठरवू शकेल काय? मग व्हँकुव्हरच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलावर अशा भाषेचे ओझे का टाकायचे, जी त्याच्या खापरपणजोबांनी आपण होऊन सोडली? पोराला शेन्यांगच्या बोलीतली चिनी नीट येऊ द्या. त्याची आजी ती बोलते.

शब्दवेल्हाळ

स्पष्टवक्ता यांचा मुद्दा चुकीचा नाही, पण 'आपण होऊन सोडली' हे मला मान्य नाही. जी भाषा बाजारात उपयोगाची राहत नाही ती माणूस हळूहळू बाजूला ठेवतो. त्याला सोडणे म्हणायचे की निसटणे, हे आपण प्रत्येकाने आपापल्या घरात डोकावून ठरवावे.

मी इतिहासाच्या अभ्यासासाठी विद्यापीठात दोन सत्रे मांचू शिकले, तेवढ्या अनुभवावर 'कोणती शिकायची' या प्रश्नाचे उत्तर देते. आज तीन वाटा आहेत.

पहिली दरबारी, लेखी मांचू. जवळजवळ सगळे शिकणारे, चीनमधले असोत वा बाहेरचे, याच वाटेने जातात, कारण शब्दकोश आणि व्याकरणे याच रूपाची आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी गेर्ट्राउडे रोथ ली यांचे हवाई विद्यापीठाने 2000 साली काढलेले पाठ्यपुस्तक आहे आणि जेरी नॉर्मन यांचा शब्दकोश आहे. पण पाठ्यपुस्तकाचा हेतू पाहा: कागदपत्रे वाचता यावीत. त्यात लढाया, नजराणे आणि राजाज्ञा भरपूर भेटतात, 'जेवायला चल, हात धू' हे क्वचितच. मुलाशी बोलायला बसलेल्या आईला हे दुसऱ्याच दिवशी जाणवेल.

दुसरी वाट हेइलोंगजियांग प्रांतातील फूयू परगण्यातल्या सानजियात्स गावाची. मांचू घरात ऐकत मोठी झालेली अखेरची वृद्ध मंडळी प्रामुख्याने तिथली. ती बोली ध्वनिमुद्रणांत उरली आहे. बाहेरच्या देशातून तिच्यापर्यंत पोहोचणे अवघड आहे.

तिसरी वाट मला सर्वांत आवडते आणि तिच्याकडे मांचू वंशज बरेचदा दुर्लक्ष करतात. ती सिबे लोकांची. 1764 साली चियानलोंगने सुमारे एक हजार सिबे सैनिकांना बायकामुलांसह मुकदेनहून, म्हणजे आजच्या शेन्यांगहूनच, थेट पश्चिम सीमेवर, आजच्या शिंजियांगमधील इली खोऱ्यात पाठवले. पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागला. जे राजधानीत राहिले त्यांची भाषा गेली आणि ज्यांना सीमेवर धाडले त्यांची टिकली. इली खोऱ्यातल्या चाबचाल परगण्यात आजही हजारो लोक सिबे बोलतात, मांचू लिपीत किरकोळ बदल करून लिहितात, आणि 1946 पासून त्या लिपीत वर्तमानपत्र निघाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने सिबे आणि मांचू यांत फारसे अंतर नाही. पण सिबे स्वतःला वेगळा समाज मानतात, चीनच्या नोंदीतही ते वेगळे आहेत, आणि 'तुमची भाषा ही खरे तर आमची' असे एखाद्या मांचूने म्हटलेले त्यांना रुचत नाही. ते योग्यच आहे. तरी उच्चार त्यांच्याकडूनच शिकावा लागतो. तैवान विद्यापीठात मांचू शिकवणारे ग्वांग लू हे इलीकडचे सिबेच होते. तिथल्या अभ्यासकांच्या एका पिढीच्या कानावर मांचू आली ती त्यांच्या तोंडून. लेखी रूपातले शेवटचे स्वर सिबे बोलण्यात पुष्कळदा गळतात. लिहायचे एक आणि म्हणायचे थोडे वेगळे, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही.

आता थोडे जवळून. 'बी मांजू गिसुन बे ताचिंबी' म्हणजे 'मी मांचू भाषा शिकतो.' बी म्हणजे मी, गिसुन म्हणजे भाषा किंवा शब्द, बे हा कर्माचा प्रत्यय, आणि क्रियापद शेवटी. मराठी माणसाला वाक्य उलटेपालटे करावे लागत नाही. इंग्रजी आणि चिनी बोलणाऱ्या त्या मुलाला मात्र करावे लागेल. 'बी बो-दे बी' म्हणजे 'मी घरात आहे': पहिला बी म्हणजे मी, शेवटचा बी म्हणजे आहे, बो म्हणजे घर आणि दे म्हणजे आपला सप्तमीचा 'त'. आमच्या वर्गात हे वाक्य शिकवले गेले तेव्हा सगळे हसले होते, आणि नंतर कोणीही विसरले नाही. स्वरांचा एक खेळही मुलांना आवडावा: हाहा म्हणजे पुरुष, हेहे म्हणजे स्त्री, आमिला म्हणजे नर पक्षी, एमिले म्हणजे मादी. आ आणि ए यांच्या अदलाबदलीत लिंग बदलते.

लिपी वरून खाली लिहितात आणि ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात. 1599 साली हुंग ताइजीचे वडील नुरहाची यांनी मंगोल लिपीवरून ती तयार करवली. सुरुवातीला क, ग, ह एकाच खुणेने लिहीत, वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. 1632 मध्ये दाहाय नावाच्या विद्वानाने ठिपके आणि वर्तुळे दिली: खूण तशीच ठेवली तर क, ठिपका दिला तर ग, वर्तुळ काढले तर ह. मुलाला एका दुपारी एवढे दाखवा आणि थांबा. संगणकाच्या नादी लागू नका. युनिकोडमध्ये ही अक्षरे 1999 पासून मंगोल लिपीच्या गटात आहेत, पण कितीतरी ठिकाणी ती अजूनही आडवी पडलेली दिसतात. रुंद टोकाची लेखणी आणि शाई घ्यावी, हे उत्तम.

कावेरीकाठ

मी तंजावरी मराठी कुटुंबातला. शब्दवेल्हाळ यांचे लिहिणे वाचून एक गोष्ट नोंदवावीशी वाटली. व्यंकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या आसपास, आमच्या घरांत मराठी बोलली जाते. महाराष्ट्रातल्या पाहुण्याला ती ऐकून हसू येते हा भाग वेगळा. आमच्याकडे बोलणे राहिले आणि वाचणे गेले. तंजावरच्या संस्थानाचे मोडी कागद ढिगांनी आहेत आणि ते वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. मांचूंकडे दोन्ही गेले, पण कागद आमच्याहून कितीतरी अधिक उरले: बीजिंगच्या अभिलेखागारात मांचू कागदपत्रे लाखोंच्या संख्येने आहेत, आणि तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात ठिपके येण्यापूर्वीच्या लिपीतली जुनी दप्तरे 40 खंडांत आहेत. तुलना याच्यापुढे ताणू नये. आमची ओळख कोणी तलवारीच्या धाकाने लपवायला लावली नाही, आणि तो फरक मोठा आहे.

'परदेशस्थ' यांना एक विचारतो. त्या बाईंच्या घरात भाषेखेरीज काही उरले आहे का, हे आपण विचारले का? ईशान्येकडच्या मांचू घरांत वंशवेलीची दोरी ठेवत, असे मी वाचले आहे. मुलगा झाला की तिला छोटे धनुष्यबाण बांधत, मुलगी झाली की रंगीत कापडाची पट्टी.

स्पष्टवक्ता

शब्दवेल्हाळ यांनी सिबे लोकांविषयी जे लिहिले ते मला ठाऊक नव्हते. माझा आक्षेप थोडा आवरता घेतो: ओझे नको, पण एका दुपारी तीन अक्षरे, याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. एक सावधगिरी मात्र सुचवतो. या विषयावर शोधाशोध करताना मांचुकुओच्या नावाने मिरवणारी मंडळी भेटतात. 1932 ते 1945 चे ते राज्य जपानी लष्कराने उभे केले होते. तिथली बहुसंख्य प्रजा हान होती आणि कारभार चिनी व जपानी भाषांत चाले. मांचू भाषेचे त्या राज्याने काही भले केले नाही. आई भाषा शोधायला गेली आणि मुलाच्या हाती झेंडा आला, असे होऊ नये.

परदेशस्थ

सर्वांचे मनापासून आभार. कावेरीकाठ यांचा प्रश्न मी तिला विचारला. दोरी नाही, असलीच तर पणजीच्या वेळी असेल, आता कोणाला आठवत नाही. वंशावळ आहे, ती शेन्यांगला चुलत्यांकडे, चिनी अक्षरांत लिहिलेली, आणि सुरुवातीची काही नावे वाचली तर चिनीत त्यांचा काही अर्थच लागत नाही, असे तिचे वडील म्हणत. ती नावे मांचू उच्चाराची चिनी अक्षरांत केलेली नोंद असावीत, असे मला आता वाटते. शब्दवेल्हाळ, फोटो आले तर आपण पाहाल का?

मग ती आत गेली आणि कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत मेंढीच्या घोट्याची चार हाडे होती, वापरून गुळगुळीत झालेली, त्यांतली दोन लाल रंगवलेली. ईशान्येकडच्या मुली या हाडांनी खेळतात: वाळूची लहान पिशवी वर उडवायची, ती खाली येईपर्यंत हाडे हव्या त्या बाजूवर पालथी करायची आणि पिशवी झेलायची. मी म्हटले, हे तर सागरगोटे. आमची आई अंगणात हेच करायची, फक्त हाडांऐवजी झाडाच्या बिया असत. तिच्या आजीने शिकवलेला खेळ तिने मला शिकवला आणि मी सपशेल हरले. या हाडांना तिच्याकडे 'गालाहा' म्हणतात. तिला तो शब्द शेन्यांगच्या बोलीतला, थोडा गावंढळ वाटत असे. मी शब्दकोशातले 'गाचुहा' तिला दाखवले. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "म्हणजे आजीला एक शब्द येत होता?"

शब्दवेल्हाळ

फोटो जरूर पाठवा. वंशावळीतली पहिली तीन-चार नावे पुरेत, आणि शक्य झाल्यास निशाण कोणते लिहिले आहे तेही. चुलत्यांना सांगा की पान सपाट ठेवून उजेडात काढा, घडीवर अक्षर तुटले की उच्चार लावता येत नाही.

आणि आजीचा शब्द एकच नाही. साचिमा धरून दोन झाले.